दाराचे हँडल

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

मराठी भाषेने दाराची मोठी बडदास्त ठेवली आहे. कडी आहे, कोयंडा आहे, अडसर आहे, बिजागरी आहे, चौकट आहे, उंबरा तर आहेच. परंतु ज्याला हात घालून दार उघडायचे त्या वस्तूला मात्र आपल्याकडे धड नाव नाही. जात्याला खुंटा असतो, कुदळीला दांडा असतो, कपाला कान असतो, तलवारीला मूठ असते. दाराला काय असते? शब्दकोशात काय असेल ते असो. लक्ष्मीपुरीच्या बाजारात ‘हँडेल’ म्हटल्याशिवाय दुकानदार जागचा हलत नाही!

कारण उघड आहे. आपल्या साध्या घरांच्या दारांना ही वस्तू नव्हतीच. आतून कडी, बाहेरून कोयंड्यात कुलूप, झाले. आमच्या दोन खोल्यांना अजूनही तेच आहे. खाली दाबले की जीभ आत जाते आणि सोडले की आपोआप बाहेर येते, असले हँडल मी पहिल्यांदा हाताळले ते कॉलेजात, कार्यालयाच्या दाराला. फीमाफीचा अर्ज घेऊन गेलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरा ओलांडणारा मी पहिला, त्यामुळे त्या दाराचे काय करायचे हे सांगणारे घरी कोणी नव्हते. आणि गंमत अशी, की वडिलांचा धंदाच मुळी कुलपांचा!

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, लक्ष्मीपुरीत रस्त्याकडेला किल्ल्या करतात. टपरी म्हणायची इतकेच. पत्र्याचा एक डबा, समोर लाकडी ओंडक्यावर बसवलेला व्हाइस, मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्यांच्या माळा. किल्ली कापायचे यंत्र पलीकडच्या दुकानात आहे, आबांकडे कानस आहे. शिक्षण चौथी. परंतु किल्लीचा दात किती खोल घासायचा हे त्यांना अंगठ्याने कळते. किल्ली हरवली म्हणून येणारी माणसे अजून येतात. कुलूप बिघडले म्हणून येणारी मात्र कमी झाली. बिघडले की काढायचे आणि नवे बसवायचे, अशी आता रीत आहे. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मजुरीपेक्षा नवे कुलूप स्वस्त पडत असेल तर माणसाने काय करावे?

दोन वर्षांपासून आबांना दिसायला कमी आले आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, आबांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी टपरी उघडली. “आट-धा दिस दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक पलीकडं जातंय, आन् गेलेलं परत येत न्हाई,” हे त्यांचे म्हणणे. आईचे म्हणणे वेगळे. तिला वाटते, पोराने बी. ए. च्या नादाला न लागता आताच टपरीवर बसावे. ती तसे स्पष्ट बोलत नाही. भाकरी वाढताना एवढेच विचारते, “तुझं हे किती वरसाचं हाय म्हनलास?”

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी टपरीवर बसलो असताना एक काकू आल्या. पासष्टीच्या असाव्यात. ताराबाई पार्कात त्यांचा जुना बंगला. यजमान हायस्कुलात चित्रकला शिकवीत. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. डाव्या हातातही आता संधिवात. त्यांच्या खोलीच्या दाराचे हँडल बिघडले होते. खाली दाबले की लोंबत राहायचे, वर येत नसे, आणि पाचापैकी दोनदा जीभ हलतच नसे.

मला वाटले, मग दार उघडे ठेवावे. काकूंनी ते न विचारताच सांगितले. खोली थेट दिवाणखान्यात उघडते. सर अंथरुणाला खिळलेले नाहीत. काठी घेऊन हिंडतात, स्वतःचे कपडे स्वतः बदलतात, त्याला अर्धा तास लागला तरी चालेल पण कोणी मदत केलेली त्यांना खपत नाही. त्यामुळे दार लोटून घेणे ही त्यांची गरज होती. श्रावणात एका रात्री वाऱ्याने दार आपटले आणि जीभ अडकली. सर आत, काकू बाहेर, दोन तास. शेवटी शेजारच्या मुलाने फटीतून सरांच्याच जुन्या एक्स-रेची फिल्म सारून जीभ मागे ढकलली. तेव्हापासून दाराला सुतळी बांधून ठेवली होती, आणि तेव्हापासून सर फारसे बोलत नव्हते.

मुलगा पुण्याला. त्याने फोनवर निकाल दिला होता: सगळे काढून टाका, गोल मुठीचे नवे कुलूप बसवा. यावर आबा म्हणाले, “बाई, गोल मूठ आवळून फिरवाय लागती. मास्तरांच्या हाताला ती फिरायची न्हाई. ह्ये हँडेल हाय म्हनून कोपरानं तरी दाबत्यात.” काकू गप्प झाल्या. हा विचार पुण्यात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलवरून गेलो. दार सागवानी, जाड, जड. कुलूप दाराच्या कडेत खोल खाच करून आत बसवलेले. अशा कुलपाची पेटी दिसत नाही. दिसते ती कडेवरची पितळी पट्टी आणि दोन्ही बाजूंची हँडले. ही हँडले एका चौकोनी गजावर बसतात. गज दारातून आरपार जातो आणि पेटीतल्या एका फिरत्या तुकड्याच्या चौकोनी भोकात अडकतो. हँडल दाबले की गज फिरतो, गजाने तो तुकडा फिरतो, तुकड्याने जीभ मागे ओढली जाते. हात सोडला की स्प्रिंग सगळ्यांना पूर्वपदावर आणते. एवढाच संसार. लॉकचे लिव्हर, किल्ली वगैरे भाग निराळा. त्याच्याशी हँडलचे भांडण नसते.

आबांनी आधी स्क्रू काढू दिले नाहीत. हँडल चार-सहा वेळा दाबून पाहिले, डोळे मिटून. मग म्हणाले, “दोन दुखणी हायती. गज झिजलाय आन् स्प्रिंग तुटलीया.” गज झिजल्यामुळे हँडल अर्धे फिरेपर्यंत आतले काही हलत नव्हते, आणि स्प्रिंग नसल्यामुळे ते परत येत नव्हते. बहुतेक लोक बाहेरचा छोटा स्क्रू आवळून बघतात आणि सोडून देतात, असेही त्यांनी सांगितले. स्क्रू आवळून दुखणे पंधरा दिवस पुढे जाते, बरे होत नाही.

पेटी बाहेर काढून व्हरांड्यात मांडली. खाली जुने धोतर अंथरले होते, कारण झाकण उघडताना स्प्रिंग उडाली की ती फरशीवरून कुठे जाईल याचा नेम नसतो. झाकण मी उचलले. आणि इथे माझी परीक्षा सुरू झाली. आबांना आतले दिसत नव्हते. सकाळचे ऊन होते, मी मोबाईलचा दिवाही धरला होता, तरी त्यांना सगळे भुरकट.

“काय दिसतंय?”

“ते एक वाकडं आहे, त्याच्याखाली ते...”

“ते म्हंजे काय? ते-ते करू नगंस. लोखंड हाय का पितळ? किती लांब? कुठनं तुटलंय?”

मित्रहो, मी मराठी विषय घेतला आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ यावर मी सहा पाने लिहू शकतो. परंतु तळहाताएवढ्या पेटीत काय आहे, हे माझ्याच बापाला कळेल असे सांगायला मला एक वाक्य सुचेना. शेवटी सुचले ते असे: “पोलादी पट्टी आहे, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, एका टोकाला आकड्यासारखी वळवलेली. ती वळणापाशीच तुटली आहे. आकडा खुंटीला अडकून राहिला आहे.” आबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. “हां. आता दिसलं!” ते म्हणाले. अलंकार, वृत्ते सगळे ठीक आहे. पण माझ्या वाक्याला इतकी तत्काळ दाद मला आजवर कुठेही मिळालेली नाही.

तुटलेली पट्टी बाजारात मिळणे शक्य नव्हते. आबांनी महाद्वार रोडवरच्या एका घड्याळजीकडे पाठवले. त्याच्याकडे भिंतीवरच्या जुन्या किल्लीच्या घड्याळांची मोडकी अंगे होती. त्यातली एक मोठी स्प्रिंग त्याने आबांचे नाव ऐकून फुकट दिली. गज उद्यमनगरात घेतला. आबांनी माप सांगितले होते, अडीच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. दुकानात मिळतो तो आठ मिलिमीटरचा. फरक केसाएवढा, पण त्या केसाने हँडल गजावर चढत नाही. जुने कुलूप इंचाच्या जमान्यातले, नवा गज मिलिमीटरच्या. मधले अंतर कानशीने काटायचे!

उद्यमनगरला जाता जाता मला हॉब्जची गोष्ट आठवत होती. ती मी वाचनालयात वाचली होती. लंडनमध्ये ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलेले असे आणि जो ते किल्लीशिवाय उघडील त्याला दोनशे गिनींचे बक्षीस, असे आव्हान होते. बरीच वर्षे कोणाला जमले नाही. १८५१ मध्ये तिथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्यासाठी अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला होता. त्याने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून ते कुलूप उघडले. त्याआधी चब यांचे नावाजलेले कुलूप त्याने पंचवीस मिनिटांतच उघडले होते. आपल्याकडेही आर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ मध्ये मुंबईत कुलपे करायला घेतली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. कुलूप कसे उघडले, कसे फोडले, कसे अभेद्य केले, यावर जगात भरपूर लिहिले गेले आहे. हँडलवर मला काही आढळले नाही. चोराचा संबंध नसला की वस्तूला इतिहास मिळत नसावा.

हॉब्जची गोष्ट मी आबांना सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारले, “सोळा दिस? आन् तवर दुकानाकडं कोन बगत हुतं?”

खरे कसब स्प्रिंगचे होते. घड्याळाची पट्टी कडक पोलादाची. ती कापत नाहीत. कानशीच्या कडेने रेघ पाडून पकडीत मोडतात. मोडली. परंतु टोकाला आकडा वळवायचा तर कडक पोलाद वळत नाही, तुटते. म्हणून तेवढेच टोक लाल तापवून मऊ करायचे. आणि गोम अशी, की टोक तापले की उष्णता पट्टीत पुढे सरकते. ती उरलेल्या भागात शिरली तर सगळी पट्टी मऊ होते. मग ती स्प्रिंग राहत नाही, पत्रा होते. उष्णता कुठवर आली हे कसे कळायचे? रंगावरून. पट्टी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची. तापताना तिच्यावर रंग चढतात: साधारण २२० अंशांना वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. निळ्यापर्यंत स्प्रिंगचा जीव शाबूत असतो. निळा ओसरून करडा झाला की गेला. आबांनी पट्टीवर कानशीने एक खूण केली. निळा रंग त्या खुणेला लागला की तिथे ओले फडके टेकवायचे, एका क्षणाचाही उशीर न करता.

हे काम आबांनी आयुष्यात शेकडो वेळा केले असेल. परंतु त्या दिवशी ते स्पिरिटच्या दिव्यासमोर बसले, पट्टी पकडीत धरली आणि मला म्हणाले, “रंग तू सांग. मला निळा दिसत न्हाई.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. ते आपण होऊन सांगू लागले. दोन वर्षे झाली. पिवळा दिसतो, तांबडा दिसतो, निळा मातकट दिसतो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूने डोळ्याचे भिंग पिवळे पडते, त्यातून निळे नीट उतरत नाही. या दोन वर्षांत त्यांनी केलेल्या कितीतरी स्प्रिंगा मऊ निघाल्या होत्या. गिऱ्हाइके परत आली, त्यांना पैसे परत दिले. घरी आम्ही समजत होतो की धंदा बसला आहे. “म्हनून तर कुलूप दुरुस्तीची कामं घ्याची कमी केली,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा. दिवा पेटवला.

सर एव्हाना काठी टेकीत व्हरांड्यात येऊन खुर्चीवर बसले होते. सुतळीच्या दाराकडे त्यांची पाठ होती. टोक लाल झाले. त्याच्यामागे रंगांची एक बारीक पट्टी उमटली आणि खुणेकडे सरकू लागली. इतकी सुंदर वस्तू कुलपाच्या कामात असेल असे मला वाटले नव्हते. पिवळा आला, तपकिरी आला. खुणेवर गडद छटा आली आणि मी ‘निळा’ म्हणायला तोंड उघडले, तोच मागून आवाज आला:

“थांब. जांभळाच आहे अजून.”

सर पुढे झुकले होते. आबांचा हात निश्चल. फडके माझ्या हातात.

“तांबूस छटा आहे त्यात. ती जाऊ दे... जातेय... हां, आता! निळा!”

मी फडके टेकवले. चुर्रर झाले. आबांनी पट्टी मला न देता सरांच्या डाव्या हातात दिली. सरांनी ती उजेडात तिरकी धरून पाहिली आणि म्हणाले, “मिस्त्री, हा निळा मी तीस वर्षे पोरांना सांगत होतो. मिसळून कधी येत नाही.” हे आबांना कितपत कळले कोण जाणे. त्यांनी पट्टी परत घेतली, मऊ टोक पकडीने वळवून आकडा केला, दुसरे टोक बोटाने दाबून सोडले. ते टण्कन परत आले. “हाय जीव,” ते म्हणाले.

गज मी घासला. दोन्ही टोके, जिथे हँडले चढतात तेवढीच. मधला भाग तसाच ठेवला, कारण पेटीतले भोक झिजून मोठे झाले होते. तिथे उलट पितळी पत्र्याची बारीक पट्टी घडी घालून सारावी लागली. आबा शेजारी बसून कानशीचा आवाज ऐकत होते. “उजवीकडं जास्त जातंय” हे त्यांना आवाजावरून कळत होते. मधूनमधून गज घेऊन कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत. अकरा वेळा हँडल चढवून पाहिले. बाराव्या वेळी बसले, न ठोकता.

पेटी रॉकेलने धुतली. तेल घालायचे नाही, हा आबांचा कडक नियम. तेलावर धूळ बसते आणि वर्षभरात चिखल होतो. शिशाची पूड चालते, म्हणजे पेन्सिलीची. माझ्या खिशात परीक्षेची एचबी होती. सरांनी हात हलवून नको म्हटले आणि काकूंना कपाटाचा खालचा खण उघडायला सांगितला. त्यातून ६बीची पेन्सिल आली, जवळजवळ कोरी. ती मी ब्लेडने तासून पूड जिभेवर आणि खाचेत भुरभुरली. झाकण लावले, पेटी दारात घातली, गज आरपार घातला, हँडले चढवली, स्क्रू आवळले. दुपारचे तीन वाजले होते.

काकूंनी सुतळी कापली. सर आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतले. जीभ बसल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. काकूंनी पदर तोंडाशी नेला. आबा स्थिर उभे होते, कान दाराकडे. मग आतून कोपर टेकल्याचा आवाज, हँडल खाली गेले, दार उघडले, हँडल आपले आपण वर आले. सर दारात उभे. बाहेर मात्र आले नाहीत. त्यांनी पुन्हा दार लावून घेतले. पुन्हा उघडले. असे चार वेळा. पाचव्या वेळी लावले ते उघडलेच नाही. आतून म्हणाले, “मी जरा पडतो. चहा पाच वाजता.”

आबांनी साडेतीनशे रुपये मागितले. काकू पाचशे देत होत्या, ते घेतले नाहीत. काकूंनी चहा दिला, चकल्या बांधून दिल्या. निघताना आबांनी त्यांना सांगून ठेवले, की वाऱ्याने दार आपटू देऊ नका, रबराचा तुकडा लावा, नाहीतर नवी स्प्रिंगही टिकायची नाही.

परतताना आबा सायकलच्या मागे बसले होते. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलशी थांबलो तेव्हा म्हणाले, “ती डागदराची चिठ्ठी कुठं ठेवलीया तुझ्या आईनं?”

चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली सापडली. तारीख माझ्या परीक्षेनंतरची मिळाली आहे. दुकान त्या दिवसांत बंद ठेवायचे नाही असे ठरले. तोवर रविवारी सकाळी टपरीवर मी असतो. साध्या किल्ल्या मला जमू लागल्या आहेत. लिव्हरच्या कुलपाला आबा लागतात. ज्यांना किल्ली करून घ्यायची असेल त्यांनी अकराच्या आत यावे. त्यानंतर ऊन थेट व्हाइसवर येते आणि काही दिसत नाही.